जेमाच्या अठ्ठावीस रात्री

पुन्ता बातो
१८ जुलै १९९९

मनांग मेनिंग,

तुला पत्र लिहायला बसले की माझी पोरं हसतात. म्हणतात, नानाय, मनिलातल्या थोरल्या बहिणीला लिहिताना तू केस विंचरून का बसतेस, ती काय कागदातून बघणार आहे? मी म्हणते, तिचा काही नेम नाही.

काम आपल्या थोरल्या जेमालिनचं आहे. परवा तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. पोरगी पहिल्या तासाला डोकं टेकते ती उचलतच नाही म्हणे. मागच्या आठवड्यात झेंड्यापुढे उभ्या उभ्याच झोपली आणि पुढच्या पोरीच्या पाठीवर पडली. बाई म्हणाल्या, "एक तर पोटात जंत आहेत, नाहीतर डोक्यात पोरगा आहे. तुम्हीच शोधून काढा." खोलीतल्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, काय करणार. पण पुढचं त्यांनी हसून सांगितलं नाही. असंच चाललं तर तिला वरच्या तुकडीतून खाली घालणार आहेत. मग तू तिला कॉलेजला मनिलाला नेणार आहेस त्याचं काय?

ती नऊला चटईवर पडते, मनांग. खाते नीट. मुलांचे वडील पलावानला गेले ते दोन वर्षं झाली, त्यांचंही तिने मनाला लावून घेतलेलं दिसत नाही. तू मोठ्या शहाण्या डॉक्टरांबरोबर झोपेचंच काम करतेस, तर एखादं टॉनिक कळव. तुला दिलेला शब्द माझ्या ध्यानात आहे, पोरीला मी मासळी उकळायच्या काहिलीपाशी फिरकू देत नाही. माझ्या हातांच्या चिरा अजून भरल्या नाहीत, म्हणून अक्षर असं आहे.

लिता


मनिला
३० जुलै १९९९

लिता,

तू लहानपणापासून निम्मी गोष्ट सांगतेस आणि निम्मी गिळतेस. पोरगी नऊला पडते हे लिहिलंस. झोपते कधी, ते कुठे आहे? टॉनिक-बिनिक विसर. आधी मोजायचं, मग औषध.

आमच्या विभागात सध्या हेच चाललंय. पंधरा-सोळा वर्षांची मुलं किती झोपतात हे मोजायच्या तीन तऱ्हा आम्ही शेजारी शेजारी ठेवून बघतो आहोत. पहिली, मुलाने स्वतः रोज सकाळी लिहायचं. दुसरी, मनगटावर घड्याळासारखं यंत्र बांधायचं. ते वेळ दाखवत नाही, हात हलला की नोंद करतं, आणि बराच वेळ हलला नाही की आम्ही त्याला झोप म्हणतो. तिसरी, आईला विचारायचं. चौथीही आहे. डोक्याला तारा लावून दवाखान्याच्या खोलीत झोपवायचं. तिच्यापुढे कुणाची लबाडी चालत नाही, पण खाट एकच आहे आणि ती आजारी मुलांना लागते. मनिलाची चाळीस मुलं झाली आहेत. डॉक्टर व्हिल्यारुझना मी गळ घातली, एक खेड्यातली मुलगी घेऊ या. जेमा आमची एक्केचाळीस नंबरची.

यंत्र आणि कागद बोटीवरच्या नोनोयबरोबर पाठवते आहे. आता नीट ऐक आणि तिलाही ऐकव. अठ्ठावीस रात्री बांधायचं. पाण्यात हात घालायच्या आधी काढायचं आणि कोरड्या फळीवर ठेवायचं. खाऱ्या पाण्याचा एक थेंब आत गेला तर यंत्र गेलं आणि माझी नोकरीही गेली. रोज सकाळी कागदावर चार वेळा लिहायच्या: आडवी कधी झाली, झोप कधी लागली, मधे किती वेळ जागी होती, उठली कधी. फक्त वेळा. कारणं लिहायची नाहीत. कारणं लिहायला सांगितलं की ही मुलं कादंबऱ्या लिहितात.

आणि जेमाला सांग, तिया मेनिंग शब्दाची पक्की आहे. हायस्कूलचं चौथं वर्ष झालं की तिची चटई माझ्या खोलीत. मला चौदाव्या वर्षी पाद्रींनी त्या काहिलींच्या वाफेतून बाहेर काढलं. तिला मी काढणार.

मेनिंग


पुन्ता बातो
६ सप्टेंबर १९९९

प्रिय तिया मेनिंग,

यंत्र परत पाठवते आहे. एक ओरखडासुद्धा नाही, बघा. तुम्ही सांगितलंत तसं पाण्यात हात घालताना दर वेळी काढून वर फळीवर ठेवलं, आपल्या बाळ येशूच्या, सान्तो निन्योच्या मूर्तीशेजारी. नानाय म्हणाली, तिथून चोरायची कुणाची छाती होणार नाही.

गावात माझी फार चेष्टा झाली. चहावाली आजी विचारायची, "ए इंदाय, ए पोरी, काटे नसलेलं घड्याळ! वेळ बघायची झाली तर मनिलाला तार करायची का गं?" आमच्या वर्गातला बोयेत म्हणतो की तुझी मावशी यातून ऐकत असते. म्हणून तो माझ्याजवळ आला की गप्पच बसतो. तेवढी शांतता मिळाली.

कागद मी एक दिवसही चुकवला नाही. सकाळी शाळेला निघायच्या आधी उभ्या उभ्या लिहायचे. तुम्ही म्हणालात फक्त वेळा, मला ते फार बरं वाटलं. वेळा लिहिताना काही मोडत नाही. काही रात्री वाईट आहेत, काही चांगल्या आहेत. ऑगस्टच्या शेवटी छान चांदणं होतं तेव्हा मी बारा रात्री अशी झोपले की धाकट्याने माझ्या तोंडावर कोळसा फासला तरी कळलं नाही. तशीच शाळेत गेले.

तिया, तुमच्या खोलीला खिडकी आहे का? मी जास्त जागा घेणार नाही.

तुमची
जेमा


मनिला
२ ऑक्टोबर १९९९

लिता,

हे पत्र पोरीला वाचून दाखवू नकोस.

मी तिचं यंत्र उघडून पानं छापली. आमची रीत सांगते म्हणजे कळेल. हात हलतो तिथे काळी रेघ येते, हलत नाही ती जागा पांढरी राहते. पांढरं म्हणजे झोप. जेमाच्या अठ्ठावीसपैकी सोळा रात्री, अकरापासून चारपर्यंत, पान कोरं पांढरं आहे. मनिलाच्या एकाही मुलाचं असं नाही. मी ते पान बैठकीत दाखवलं. डॉक्टर व्हिल्यारुझ म्हणाले, "समुद्रावरची हवा बघा! काय गाढ झोप आहे." मला केवढा अभिमान वाटला होता.

मग तिने लिहिलेला कागद शेजारी ठेवला. नेमक्या त्याच सोळा रात्री बाईसाहेब लिहितात, अकरा ते चार जागी. उरलेल्या बारा रात्री, जेव्हा यंत्रात बारीकसारीक चुळबुळ दिसते, तेव्हा लिहिलंय, रात्रभर छान झोपले. म्हणजे सरळ उलटं! चुकून लिहिणारा कुठे कमी लिहितो, कुठे जास्त. हे तसं नाही. ठरवून लिहिल्याशिवाय असं होत नाही.

आमच्याकडे नियम आहे, कागद आणि यंत्र भांडले तर यंत्राचं खरं. या वयाची मुलं जागरण फुगवून सांगतात, हे आम्ही चाळीस वेळा पाहिलंय. वर्गात झोपायचं आणि मग म्हणायचं, रात्री डोळ्याला डोळा नाही. मला इतरांचं काही वाटत नाही. पण तिने मला फसवावं?

आता तूच एक उरलीस. सोबत आईचा कागद आहे, भरून पाठव. ती रात्री झोपते की नाही? खरं सांग.

मेनिंग


पुन्ता बातो
१२ ऑक्टोबर १९९९

मनांग,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुला एवढा राग आलेला मी कधी पाहिला नव्हता.

कागद भरला आहे. झोपते गं. आडवी झाली की दगड. तुझं यंत्र म्हणतं तसंच आहे.

तिला रागावू नकोस. वय वेडं असतं. काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं असेल. तुला बरं वाटावं, जास्त उपयोग व्हावा, असंही वाटलं असेल तिला. मनाने वाईट नाही. माझे हात असे झाल्यापासून घरात पाण्याचं सगळं तीच करते, भांडी, कपडे. डॉक्टरीण म्हणाली खारं पाणी लागलं तर बोटं जातील. काहिलींची मालकीण चांगली आहे, अजून आम्हाला वाळवणाच्या अंगणातल्या खोलीत राहू देते. एवढ्यावर देवाचे आभार मानायचे.

तुझं काम बिघडलं नाही ना? जेमाला मनिलाला न्यायचं तेवढं मोडू नकोस.

लिता


मनिला
२० ऑक्टोबर १९९९

जेमालिन,

तुझ्या आईचा कागद आला. यंत्र म्हणतं तू झोपलीस. आई म्हणते तू झोपलीस. तू एकटी म्हणतेस झोपले नाही. दोघांविरुद्ध एक.

मी तुला खोटारडी म्हणत नाही. पण जो सोळा रात्री उलट लिहू शकतो त्याला मी माझ्या खोलीत, माझ्या कामाच्या कागदांमध्ये कशी ठेवू? मनिलात माझी ओळख एवढीच आहे की मी मांडलेला आकडा कुणी पुन्हा तपासत नाही. मच्छीमाराची पोर इथवर आली ती त्याच्या जोरावर.

मार्चपर्यंत वर्गात जागी राहून दाखव. मग मनिलाचं बोलू. तोवर त्याबद्दल लिहू नकोस.

तिया मेनिंग


पुन्ता बातो
३० ऑक्टोबर १९९९

प्रिय तिया,

मी वेळा खोट्या लिहिल्या नाहीत. का ते मला सांगता येत नाही, कारण मी सान्तो निन्योवर हात ठेवला आहे. तुम्ही कारणं लिहू नका म्हणालात तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठीच तो कागद बनवला.

नानायवर रागावू नका. ती जे लिहिते ते ती मुद्दाम लिहीत नाही.

मी विचार केला. तुम्ही म्हणाला होतात की तारा लावायची खोली आहे, तिथे कुणाची लबाडी चालत नाही. मला तिथे झोपवा. माझ्या डोक्याला लागतील तेवढ्या तारा लावा. मी ख्रिसमसच्या सुट्टीत बोटीने येईन, नोनोय मला माल ठेवतात तिथे बसवतो म्हणालाय. खायला मी घरून भात आणीन. पण तेव्हा अंधाऱ्या रात्री असायला हव्यात, चांदण्यात काही कळायचं नाही. माझ्याकडे बघून तुम्हाला कळेल असं मला वाटतं.

बाईंनी मला खालच्या तुकडीत घातलं. बोयेत रोज वर्गात मला कोपर मारून जागं करायचा. आता तो वर राहिला.

मी वही अजून लिहिते, तिया. यंत्र नाही तरी. कुणी वाचणार नाही पण सवय लागली आहे.

जेमा


मनिला
१० नोव्हेंबर १९९९

जेमालिन,

कामाची गर्दी आहे म्हणून थोडक्यात. तारांची खोली हौसेसाठी नसते. चांदणं आणि अंधार यांचा तारांशी संबंध नाही. तुझ्या बाईंना विचार, विज्ञानात काय शिकवलं. घरी राहा, अभ्यास कर. एप्रिलमध्ये बघू.

तिया मेनिंग


पुन्ता बातो
२७ नोव्हेंबर १९९९

मनांग मेनिंग,

जेमा गेली.

तार करायला नोनोयला सांगितलं होतं, त्याला जमलं नाही. नऊ दिवसांची प्रार्थना परवा संपली म्हणून आज लिहिते.

शुक्रवारी, १२ तारखेला, पहाटे तीनच्या सुमाराला ती काहिलीत पडली. उकळत्या मिठाच्या पाण्यात मांदेलीची टोपली धरून उभी होती. पाय घसरला नाही, कुणी ढकललं नाही. शेजारच्या काहिलीवरची बाई म्हणते, "उभी होती आणि डोळे मिटले. मी हाक मारेपर्यंत वाकली." हात, छाती आणि मान. इलोइलोच्या दवाखान्यात चार दिवस होती. औषधाने झोपवून ठेवली होती. मंगळवारी गेली.

जूनपासून माझ्या जागी ती जात होती. डॉक्टरणीने मला खाऱ्या पाण्यात हात घालू नको म्हटलं आणि मालकीण म्हणाली, "घरातलं कुणीतरी काहिलीवर हवं, नाहीतर खोली दुसऱ्याला देते." तीन पोरं घेऊन कुठे जाऊ? तुला शब्द दिला होता म्हणून जेमाला मूर्तीवर हात ठेवायला लावला, तियाला यातलं अक्षर कळवायचं नाही. तिने कळवलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी तुझ्या कागदावर लिहिलं, झोपते.

तिला घरी आणली तेव्हा सगळा गाव आला. आपल्याकडे मयताशेजारी जागतात तसे चार रात्री सगळे जागले, बायका, पोरं, होडीवरची माणसं, मालकीणसुद्धा. कॉफी केली, पत्ते खेळले, तिच्या गोष्टी सांगितल्या. चहावाल्या आजीने डोळा लावला नाही. एवढी माणसं तिच्यासाठी जागी बसली होती आणि ती मधे झोपलेली. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, घरी राहा, अभ्यास कर. मी ते तिच्या उशाशी ठेवलं. तुझ्यावर राग म्हणून नाही. तुझं पत्र आलं की ती आधी उशाशीच ठेवायची.

शनिवारी पुरली.

लिता


मनिला
८ डिसेंबर १९९९

लिता,

काय लिहू? चार कागद फाडले.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेमाची पानं पुन्हा काढली. लिता, झोपलेला माणूससुद्धा हलतो. कूस बदलतो, डास मारतो, हात छातीवरून खाली पडतो. चाळीस मुलांच्या पानांवर तासातासाला काळी टिंबं आहेत. पाच पाच तास एकही टिंब नसलेलं पान माणसाचं नसतं. ते फळीवर ठेवलेल्या वस्तूचं असतं. हे मला माहीत आहे, मी नव्या मुलींना हे शिकवते. आणि मीच ते पान हातात धरून बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, बघा किती गाढ.

पाण्यात हात घालताना काढून ठेव, हे मीच लिहिलं होतं. तिने ऐकलं. सोळा रात्री काढून ठेवलं, सोळा रात्री खरी वेळ लिहिली. तिच्याएवढं चोख माझ्याकडे कुणीच मांडलं नाही, चाळीसांतल्या एकानेही नाही.

आणि चांदणं. मी तिच्या रात्री सोमवार ते शुक्रवार आणि शनिवार-रविवार अशा मांडल्या होत्या, कारण आमच्याकडे तसंच मांडतात. काल भिंतीवरचं कॅलेंडर काढून अमावास्या-पौर्णिमा लावल्या. बारा रात्री झोपली ते चांदण्याचे दिवस. सोळा रात्री जागी ते अंधाराचे. लिता, आपला बाप दिव्यांच्या बोटीवर होता. चांदणं असलं की दिव्याला मासळी येत नाही, बोटी जात नाहीत, काहिली थंड असतात, हे मला बोलता यायच्या आधीपासून माहीत आहे. लहानपणी पौर्णिमेला आपण दोघी एका मच्छरदाणीत किती झोपायचो! ती पोरगी मला लिहिते, अंधाऱ्या रात्री हव्यात, चांदण्यात काही कळायचं नाही. आणि मी तिला विज्ञान शिकवते.

डॉक्टर व्हिल्यारुझना सगळं सांगितलं. ते हळहळले. मग म्हणाले, एक्केचाळीस नंबर काढून टाका, यंत्र हातात नव्हतं म्हणजे नोंद बाद. बाकी निष्कर्ष तोच राहतो, कागदापेक्षा यंत्र भरवशाचं. लेख छापायला गेला आहे. मी वाद घातला, आरडाओरडा केला, सामान भरून ठेवलं. त्याने काय होणार? चाळीस मुलांवर लेख उभा राहतो, तिच्यावाचून काही अडत नाही.

मला झोप येत नाही, लिता. मी तिला मारलं. मला तुझ्याकडे येऊन राहू दे. ख्रिसमसच्या बोटीने निघते. तू म्हणशील ते करीन. मालकिणीला म्हणावं, मी काहिलीवर उभी राहते, माझे हात चांगले आहेत.

मेनिंग


पुन्ता बातो
१९ डिसेंबर १९९९

मनांग,

येऊ नकोस. बोटीला गर्दी आहे आणि इथे तुला झोपायला जागा नाही. काहिलीवर मी जाते. हातांना फडकी बांधते. डॉक्टरीण ओरडली, तिला म्हटलं ओरड.

तू लिहितेस की तू तिला मारलंस. दोन पानं लिहिलीस. माझी शेजारीणही स्वतःबद्दल तेच म्हणते, आणि पाद्री म्हणतात, लिता, चूक कुणाचीच नाही, गरिबी आहे. सगळे मला दोषाची वाटणी करून देतायत. मी ऐकून घेते.

तू चुकलीस, मनांग. ते खरं आहे. तू मनिलात होतीस, तुझ्या हातात एक कागद होता आणि तो तू उलटा वाचलास. माझ्या हातात कागद नव्हता. माझ्या हातात ती होती. मी चुकले नाही. मला माहीत होतं.

अकरा वाजता बोटीचा पहिला माल उतरला की कुत्री भुंकायची. मग मी उठून तिच्या पायाच्या अंगठ्याला हात लावायचे. हाक मारली असती तर धाकटी उठली असती. ती लगेच उठून बसायची. जूनपासून एकदाही मला दुसऱ्यांदा हात लावावा लागला नाही.

त्या रात्री ती उठली नाही. मी दोनदा अंगठा दाबला. मग खांदा हलवला. डोळे न उघडता म्हणाली, "नानाय, आज नको." एवढंच. आजवर ती नको म्हणाली नव्हती. मला वाटलं, एक रात्र राहू दे. खरंच वाटलं. मग मालकिणीच्या घरात दिवा लागला.

मी तिला काखेत धरून उठवून बसवलं. ती बसल्या बसल्या माझ्या खांद्यावर झोपली. तशीच झोपलेली असताना मी तिचे केस विंचरले आणि घट्ट बांधून दिले, वाफेत मोकळे नकोत म्हणून. मग तिला दारापर्यंत हाताला धरून नेली आणि सोडली.

हे पाद्रींना सांगितलेलं नाही.

लिता